कायद्याचा कागद आणि कर्जाचा कागद : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक धागा

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वसतिगृहातील लहान मुलांनाही मुखोद्गत आहे. महूचा जन्म, चवदार तळे, गोलमेज परिषद, दीक्षाभूमीवरील १४ ऑक्टोबर १९५६ हे सर्व पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही येथे त्या चरित्रातील एकच धागा हाती घेत आहोत. अमेरिकेच्या कायद्यात आणि कर्जव्यवहारात वर्णभेद अद्याप उरला आहे काय, असा वाद त्या देशात आजही चालतो. कायदे समान झाले म्हणजे भेद संपला, असे एक पक्ष म्हणतो. घर, जमीन आणि भांडवल कोणाच्या हाती आहे ते पाहा, असे दुसरा पक्ष म्हणतो. या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर हाताळला.

सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती विद्यापीठापासून जवळच होती. गुलामगिरी कायद्याने संपून अर्धशतक होत आले होते आणि तरीही नेमक्या त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या राजवटीत केंद्रीय कचेऱ्यांतून गोऱ्या व काळ्या कर्मचाऱ्यांची ताटातूट सुरू झाली होती.

१९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहावयास घर मिळेना. ज्या पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे मुंबईत त्यांनी शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला; सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पंडिताची ही अवस्था! अस्पृश्यास घर भाड्याने देऊ नये किंवा त्याच्याशी व्यापार करू नये, असे ब्रिटिशांच्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. ते लिहिण्याची गरजच नव्हती. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास १९२० साली ते निघाले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज कामी आले.

मात्र जातीचे ओझे कायद्यानेच लादलेले होते, अशी ठिकाणेही होती. मुंबई इलाख्यातील महार वतन हे त्यातील ठळक होय. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महाराच्या माथी रात्रंदिवसाची सरकारी चाकरी आली आणि मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन व गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते मिळाले. वतनाची ती जमीन वतनाबाहेरच्यास विकता किंवा लावून देता येत नसे. म्हणजे जमीन असूनही तिच्या तारणावर उचित दराने पैसा उभा करण्याची वाट बंद. (आपल्या नागपूर भागात हा कायदा लागू नव्हता, येथील आपला समाज विणकामात व पुढे एम्प्रेस मिलमध्ये राबत होता. त्यामुळे वतनाचा प्रश्न आपल्याकडे काहीसा दुर्लक्षित राहिला, असे आमचे मत आहे.) १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात दुरुस्ती विधेयक मांडले. ज्यास वतन नको त्यास पूर्ण सारा भरून जमीन मोकळी करून घेता यावी आणि बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, असा त्याचा आशय होता. विरोध एवढा झाला की पुढील वर्षी ते मागे घ्यावे लागले. पंजाबात १९०० चा जमीन हस्तांतरण कायदा होता. शेतकरी जमातींच्या यादीत नसलेल्यास शेतजमीन विकत घेता येत नसे आणि बहुतेक अस्पृश्य जाती त्या यादीबाहेर होत्या. त्या कायद्यावरही बाबासाहेबांनी बोट ठेवले.

अमेरिकेचा धागा पुन्हा दिसतो तो १९३० मध्ये. गोलमेज परिषदेस त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या निवेदनात समान हक्कांची कलमे अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतलेली आहेत. १८७५ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ सालीच निष्प्रभ केला होता. राज्याने केलेला भेद संविधान रोखू शकते, खासगी उपाहारगृहाच्या मालकाने केलेला नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून त्यांनी आणखी कलमे जोडली आणि घर वा जमीन देण्यास, मजुरीस लावण्यास, व्यवहार करण्यास नकार देणे हा शिक्षापात्र बहिष्कार ठरवावा, अशी मागणी केली. बडोद्यात घर न मिळालेला माणूसच असे कलम मागू शकतो, असे आम्हांस वाटते.

१९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाची माहिती मागितली. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर अमेरिकन कलमे आहेतच. शिवाय शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि सामूहिक शेतीस पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे राज्याने पुरवावीत, अशीही योजना आहे. तीत सावकारास जागाच उरत नाही. संविधानात ही योजना आली नाही. अनुच्छेद १५(२) आणि १७ मात्र आले. दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव यांच्या बाबतीत खासगी व्यक्तीलाही भेद करता येणार नाही, असे आपल्या संविधानाने १९५० पासून सांगितले. अमेरिकेस त्यासाठी १९६४ पर्यंत थांबावे लागले.

कर्जाचे तेथे काय झाले? १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगविल्या आणि १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने अशा वस्त्यांतील कर्जांना हमी नाकारली. घरांविषयीचा कायदा १९६८ मध्ये आणि कर्जाविषयीचा १९७४ मध्ये आला. परंतु दरम्यानच्या काळात ज्या कुटुंबाचे घर झाले नाही, त्याच्या नातवाजवळ तारण ठेवावयास काही राहिले नाही. भेद उरला आहे काय या प्रश्नाचे उत्तर आम्ही या तारणात शोधतो.

आपल्याकडे वतन गेले ते बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने. पूर्वीच्या वतनदारास जमीन परत मिळाली ती आकाराच्या तिप्पट रक्कम भरून आणि तीही नवीन शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून ती कोणास देता येत नसे.