हातची विद्या

पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा आणि गळ्यात काळी फीत बांधलेल्या एका हसतमुख वृद्धाचे चित्र उपाहारगृहाच्या पाटीवर तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. भारतात त्या पाटीचे पहिले उपाहारगृह १९९५ साली बंगळूर येथे उघडले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही पुढे ते चित्र दिसू लागले. हे चित्र कोणा चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेले आहे असे अनेकांना वाटते. परंतु ते एका हाडामांसाच्या मनुष्याचे आहे. त्याचे नाव हार्लंड सँडर्स. ज्या वयात माणसे काठी टेकीत देवळाच्या पारावर जाऊन बसतात, त्या वयात या मनुष्याने उद्ध्वस्त झालेला संसार पुन्हा उभा केला.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हेन्रीव्हिल या गावी ९ सप्टेंबर १८९० रोजी हार्लंडचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. तीन भावंडांत तोच थोरला. पोटासाठी आई टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला जाऊ लागली आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचा व त्यांना जेवू घालण्याचा भार हार्लंडवर पडला. ज्या वयात मुले चेंडूफळी खेळतात, त्या वयात तो चुलीपुढे उभा राही. सातव्या वर्षी त्याला पाव भाजता येई, भाज्या शिजविता येत. या कामाचे त्याला कोणी कौतुक केले असेल वा नसेल. पण विधात्याने त्याच्या पदरात पहिले धन टाकले ते हेच.

दहाव्या वर्षी हार्लंड शेतावर मजुरीस जाऊ लागला. आईने पुनर्विवाह केला, पण सावत्र वडिलांशी त्याचे पटले नाही. शाळाही सातव्या इयत्तेतच सुटली. १९०६ साली आपले वय वाढवून सांगून तो सैन्यात शिरला, क्यूबा बेटावर काही महिने राहिला आणि परत आला. पुढे त्याने किती धंदे केले याची गणती करणे कठीण आहे. आगगाडीच्या इंजिनात कोळसा घालण्याचे काम त्याने केले. टपालाने धडे मागवून तो कायदा शिकला आणि काही काळ वकिलीही केली. विम्याचा धंदा केला. ओहायो नदीवर प्रवाशांची ने-आण करणारी बोट चालविली. त्या धंद्यात मिळालेला पैसा त्याने कार्बाईडच्या दिव्यांच्या कारखान्यात घातला. पण तोवर विजेचे दिवे आले आणि तो पैसा बुडाला.

या अपयशांत दैवाचा वाटा होता, तसा त्याच्या स्वभावाचाही होता. सँडर्स शीघ्रकोपी होते. सोबत्याशी मारामारी केल्यामुळे त्यांची रेल्वेतील नोकरी गेली, आणि आपल्याच अशिलाशी भर न्यायालयात हातघाईवर आल्यामुळे वकिली संपली. थोरांची चरित्रे वाचताना त्यांच्या गुणांबरोबर हेही पाहावे. जिद्द आणि संताप यांचा उगम पुष्कळदा एकाच ठिकाणी असतो. त्यांतील एकाने सँडर्सना तारले, तर दुसऱ्याने वारंवार बुडविले.

१९३० साली, अमेरिकेत महामंदीने कहर केला असताना, चाळिशीतील सँडर्सनी केंटकी राज्यातील कॉर्बिन या गावाजवळ एक पेट्रोल पंप चालविण्यास घेतला. वाटसरू तेथे थांबत व जवळपास जेवण मिळेल काय, याची चौकशी करीत. सँडर्सनी आपल्या राहत्या जागेतील जेवणाच्या मेजावरच त्यांना वाढण्यास प्रारंभ केला. लहानपणी भावंडांसाठी शिकलेली विद्या अशी कामी आली. त्यांच्या हातच्या तळलेल्या कोंबडीची चव प्रवाशांच्या तोंडी रुळली आणि पेट्रोलपेक्षा पानाला अधिक गिऱ्हाईक येऊ लागले. पुढे त्यांनी स्वतंत्र उपाहारगृह थाटले. १९३५ साली केंटकीच्या राज्यपालांनी त्यांना कर्नल ही मानाची पदवी दिली. या पदवीचा लष्कराशी संबंध नव्हता; राज्याच्या लौकिकात भर घालणाऱ्यांचा तो गौरव होता.

१९३९ साली त्यांचे उपाहारगृह आगीत भस्मसात झाले. सँडर्सनी ते पुन्हा बांधले आणि पूर्वीपेक्षा मोठे, एकशेचाळीस माणसे बसतील असे बांधले. एक अडचण मात्र त्यांना सतावीत होती. उथळ तव्यात कोंबडी तळण्यास अर्धा तास लागे, आणि भुकेल्या प्रवाशाला तितका धीर नसे. भरपूर तेलात बुडवून तळली तर ती लवकर होई, पण कोरडी पडे. त्या सुमारास प्रेशर कुकर बाजारात आले होते. ते भाज्या शिजविण्यासाठी असत; सँडर्सनी ते तळण्यासाठी वापरून पाहिले. वाफेच्या दाबाखाली दहा मिनिटांच्या आत कोंबडी तयार होऊ लागली आणि आतला रसही टिकून राहू लागला. अकरा मसाल्यांचे प्रमाणही त्यांनी १९४० साली कायम केले.

पुढे युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि प्रवासी रोडावले, परंतु युद्धानंतर धंद्याला पुन्हा बरे दिवस आले. इतक्यात खरे संकट ओढवले. कॉर्बिनला टाळून जाणारा नवा राजमार्ग आखला गेला. उपाहारगृहाचा जीव म्हणजे रस्ता. तो हलताच गिऱ्हाईकही हलणार हे उघड होते. १९५६ साली सँडर्सनी आपली वास्तू लिलावात तोट्याने विकली. देणी भागविल्यावर हाती उरली ती थोडीशी शिल्लक आणि सरकारकडून दरमहा मिळणारे १०५ डॉलरचे निवृत्तिवेतन. त्या वेळी त्यांचे वय पासष्ट होते.

घर, दुकान, भांडीकुंडी यांचा लिलाव होऊ शकतो. हातच्या विद्येचा होत नाही. हे सँडर्सनी ओळखले. १९५२ सालीच त्यांनी यूटा राज्यातील पीट हार्मन या उपाहारगृहचालकाला आपली कृती शिकविली होती आणि तिच्यामुळे हार्मन यांची विक्री कितीतरी वाढली होती. आता सँडर्सनी प्रेशर कुकर व मसाल्याची पिशवी मोटारीत टाकली आणि ते गावोगाव हिंडू लागले. उपाहारगृहात शिरावे, मालकाची परवानगी घेऊन त्याच्याच स्वयंपाकघरात कोंबडी तळावी आणि ती तेथील नोकरमंडळींना खाऊ घालावी, असा त्यांचा क्रम असे. पदार्थ आवडला तर करार होई: कृती सँडर्सची, दुकान मालकाचे, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे सँडर्सना चार-पाच सेंट. व्यापाराच्या या पद्धतीला फ्रँचायझी म्हणतात. पुष्कळ ठिकाणी नकार मिळे. कित्येक रात्री ते मोटारीच्या मागील आसनावरच निजत. घरी त्यांच्या पत्नी क्लॉडिया मसाला तयार करून तो मागणीप्रमाणे रवाना करीत. कृती गुप्त ठेवण्याचा आणि सर्वत्र एकच चव राखण्याचा तो खात्रीचा उपाय होता.

१९६४ सालापर्यंत अशा उपाहारगृहांची संख्या सहाशेच्या वर गेली. तो पसारा एकट्याने सांभाळणे अशक्य होऊन सँडर्सनी कंपनी वीस लाख डॉलरना विकली. कंपनीचे प्रतिनिधी म्हणून पांढऱ्या पोशाखात ते देशोदेशी फिरत राहिले. पण नाव विकले म्हणून त्या नावाची काळजी त्यांनी सोडली नाही. ते अचानक एखाद्या दुकानात जात, पदार्थ चाखून पाहत आणि तो बिघडला असेल तर आचाऱ्याला धारेवर धरीत. नव्या मालकांनी रश्श्याची कृती सोपी व स्वस्त केली तेव्हा त्यांनी तिची जाहीर निंदा केली. त्यावरून त्यांच्यावर बदनामीची फिर्याद झाली. ती टिकली नाही. ज्या कंपनीकडून त्यांना वेतन मिळे, तिच्याच पदार्थाला वाईट म्हणण्यात त्यांचा कोणताही लाभ नव्हता.

१६ डिसेंबर १९८० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लुईव्हिल येथे सँडर्स यांचे निधन झाले. त्यांचा देह केंटकीच्या विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आला, आणि त्याच परिचित पांढऱ्या पोशाखात त्यांना मूठमाती देण्यात आली.

सँडर्स फार शिकलेले नव्हते, निर्दोष तर मुळीच नव्हते. दैवाने त्यांचे दुकान दोनदा हिरावून घेतले: एकदा आगीने, एकदा रस्त्याने. दोन्ही वेळा ते नव्याने उभे राहिले, कारण आईच्या गैरहजेरीत चुलीपुढे शिकलेले काम त्यांनी आयुष्यभर मन लावून केले होते. मुलांनो, आज जे लहानसे काम तुमच्या वाट्यास येईल ते नीट शिकून घ्या. ते कोणत्या वयात, कोणत्या वाटेवर तुमच्या उपयोगी पडेल, हे आज सांगता येणार नाही.