प्लेग, रमजान आणि हाफकिन

हिजरी सन 1314 चा रमजान फेब्रुवारी 1897 च्या सुरुवातीला लागला, तेव्हा मुंबई ओस पडत चालली होती. आदल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी गावाची वाट धरली. या रमजानच्या तोंडावरच भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना एक नवी लस टोचली गेली. ती तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यहुदी होते.

त्यांचा जन्म 1860 चा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हे दाखवणारे मेचनिकोव्ह त्यांचे गुरू. धर्म बदलला असता तर मायदेशी प्राध्यापकपद मिळाले असते, पण हाफकिन यांनी तो मार्ग नाकारला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना सुरुवातीला ग्रंथालयातले काम मिळाले. तिथेच त्यांनी पटकीची लस तयार केली आणि 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी तीन महिने रात्रंदिवस काम केले. जंतू वाढवायला मांसाचा रस लागे. हिंदू वा मुसलमान कोणाचीही हरकत येऊ नये म्हणून त्यांनी तो बकऱ्याच्या मांसाचा केला. रसावर तुपाचे थेंब सोडले, की त्यांना धरून जंतू झुंबरासारखे खाली वाढत. मग उष्णता देऊन ते मारले जात.

मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. शरीर त्याला नेमकी लागू पडणारी प्रतिपिंडे तयार करते आणि काही पेशी ही ओळख जपून ठेवतात. पुढे खरा जंतू शिरला, तर तयारीत वेळ जात नाही.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचली, नंतर ठरलेल्या मात्रेपेक्षा बरीच जास्त. ताप चढला, वेदना झाल्या, पण काम थांबले नाही. तुरुंगातल्या प्रयोगात लस न घेतलेल्या 12 जणांना प्लेग झाला, त्यांतले 6 दगावले. लस लागू पडल्यानंतर ती घेतलेल्यांपैकी दोघांनाच प्लेग झाला आणि दोघेही वाचले. हे पूर्ण कवच नव्हते, पण मोठा आधार होता.

तरीही लोक सुईला भीत. तेव्हा विशीही न गाठलेले खोजा समाजाचे इमाम आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. आपल्या इमामांना पाहून खोजा मोठ्या संख्येने पुढे आले.

1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि पद गेले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता, ही बाब पुढे आली. मात्र निर्दोष ठरायला 1907 उजाडले. ते कलकत्त्याला कामावर परतले, पण पूर्वीचे अधिकार मिळाले नाहीत. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या त्या संस्थेच्या आवारात पुढे पोलिओचे थेंब तयार झाले.

करंजाडेजवळ, पनवेलमध्ये बेने इस्रायलींचे 1849 चे सिनेगॉग आहे. एक जीव वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवण्याइतके मोलाचे, ही कुरआनातली शिकवण तिथे बनी इस्राईलच्याच संदर्भात येते. हाफकिन यांनी ती आपल्या हातांनी पाळली, आणि आगाखान यांनी भर गर्दीत बाही सरसावून तिला साथ दिली.