विचारीत जाणारे श्रीगाडगेबाबा

पाठीशी टाळकरी, बाजूस मृदंग, आणि समोर श्रोते हात जोडून गप्प बसलेले, अशी आमची कीर्तनाची रीत. बुवांनी बोलायचे, मंडळींनी माना डोलवायच्या. मंडळींच्या मनात काय आहे, हे विचारण्याची सोय त्यात फारशी नाही. श्रीगाडगेबाबांनी मात्र ही सोय करून घेतली होती. म्हणून त्यांच्या चरित्रातील तेवढाच धागा आज धरावयाचा आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ या दिवशी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात जन्म. वडील दारूच्या पायी अकाली गेले आणि डेबूजी दापुरे येथे आजोळी वाढला. गुरे राखली, नांगर धरला. शाळेची पायरी काही चढला नाही. सावकारापायी शेत जाते म्हणजे काय होते, ते त्याने त्याच घरात पाहिले. हे सांगण्याचे कारण असे की, पुढे बाबांनी दारू आणि कर्ज यांविषयी जे प्रश्न लोकांना विचारले, ते पोथीतून आलेले नव्हते.

पहिली परीक्षा घरीच झाली. मुलीचे बारसे होते. जातीच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रसंगी बकरे आणि दारू हवी. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले. रागावणारच! परक्या गावात उपदेश करणे सोपे, आपल्याच पंक्तीला बसलेल्या सोयऱ्याला समजावणे कठीण. डेबूजीने सोयऱ्यांशी नातेही तोडले नाही आणि आपला हेकाही सोडला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मडक्याचे खापर. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव ठेवले. गावात शिरले की कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागायचे. लोक जमायचे, हा कोण वेडा म्हणून पाहायचे. दुपारपर्यंत गावची घाण निघायची, नि संध्याकाळी तेथेच कीर्तन. आमच्या मते बाबांचा अर्धा संवाद या झाडण्यातच होऊन जात असे. ज्याने आपले अंगण झाडले, त्याचे दोन शब्द ऐकून घ्यायला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

आता त्यांच्या कीर्तनाची तऱ्हा पाहा. संस्कृत श्लोक नाही, सूत्र नाही, भाषा वऱ्हाडी रांगडी. आरंभ अगदी सोप्या प्रश्नाने. देव किती, असे विचारायचे. मंडळी एका सुरात एक म्हणून सांगायची. मग तुमच्या गावी खंडोबा आहे का, भैरोबा आहे का, मरीआई आहे का, असे एकेक विचारीत जायचे आणि प्रत्येकाला होकार घ्यायचे. एकाचे इतके कसे झाले, ते मंडळींनीच मोजावे. देवाला आंघोळ कोण घालतो, नैवेद्य कोण दाखवितो, त्या नैवेद्याला कुत्रे तोंड लावू लागले तर हाकलतो कोण, हेही विचारायचे. उत्तरे मंडळींची. बाबा फक्त पुढचा प्रश्न करायचे. हसता हसता माणूस अशा जागी येऊन पोहोचे की, पोरासाठी बकऱ्याचा नवस बोलून आलेला स्वतःच्याच तोंडाने त्याच्याविरुद्ध बोलून बसलेला असे.

आम्ही बालपणी पाठशाळेत न्यायशास्त्र घोकले. त्यात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावे म्हणून बोलतात तो वाद. जिंकावे म्हणून बोलतात तो जल्प. स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते मोडणे ती वितंडा. पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, मग उत्तरपक्ष, असा शास्त्राचा दंडक. आम्ही पंडित मंडळी बहुधा पूर्वपक्षही आपणच मांडतो, आणि तो मोडायला सोयीचा होईल असाच मांडतो! बाबांनी पूर्वपक्ष ज्याचा त्याच्याच मुखाने वदविला. निरक्षर पुरुषाने वाद या शब्दाचा अर्थ आचरून दाखविला, असे आम्हांस वाटते.

तथापि बाबांचे सर्वच आम्हांस रुचते असे नाही, आणि ते लपवूही नये. मूर्तीविषयी ते जे बोलत, त्याने कित्येक भाविकांचे मन दुखावले आहे. सगुणाचा रस ज्याने चाखला आहे, त्याला नैवेद्याचा हिशेब लागू पडत नाही, हे आमचे म्हणणे आजही आहे. पण याच बाबांनी पंढरीची वाट सोडली नाही. वारीला यायचे, नि यात्रेकरूंनी केलेली घाण काढायची. चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या वारकऱ्याला पंढरपुरात पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. पुढे १९४९ साली तीच धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक विठ्ठलाच्या वाटेवरचा, दुसरा त्या धर्माकडे पाठ फिरविण्याच्या तयारीत असलेला. दोघांत अंतर केवढे! तरी दोघांची गाठ पडत होती, आणि एकमेकांविषयी आदर होता.

आमच्या चेंबुरात कोकणातले, घाटावरचे, फाळणीनंतर कॅम्पात आलेले सिंधी, तमिळ मंडळी असे सगळे शेजारी शेजारी राहतात. येथे कीर्तनात आम्ही बाबांच्या तऱ्हेने एकदा प्रश्न टाकून पाहिला. ध्वनिक्षेपकाचा कर्णा एवढा मोठा लावलेला की उत्तर आले की नाही, तेच कळेना! शेवटी यंत्र बंद करवले, तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी बोलली, आणि आमच्या दृष्टांतातली चूक तिने दाखविली. असो.

बाबांनी शिष्य केले नाहीत, पायांवर डोके ठेवू दिले नाही. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतः त्यांत पाय पसरून राहिले नाहीत.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी प्रवासातच देह ठेवला. वय ऐंशी.

त्याआधी ८ नोव्हेंबरला आमच्या या उपनगरांतच, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले होते. मुंबईतले ते शेवटचे. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि आजही ते ऐकावयास मिळते. बाबांचा आवाज थकलेला आहे, तरी प्रश्नांमागून प्रश्न चाललेच आहेत. ऐकताना कान थोडा मागे लावावा: त्यात बाबांइतकाच समोर बसलेल्या श्रोत्यांचाही आवाज आहे, ते एकमुखाने उत्तरे देत आहेत.