जेम्स विल्सन : भारताला पहिले विवरणपत्र देणारा अर्थमंत्री

जुलै महिना उजाडला, की शहरांतील नोकरदारांच्या घरी कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते. फॉर्म १६, बँकेच्या व्याजाचे दाखले, विम्याच्या पावत्या, गृहकर्जाचे प्रमाणपत्र असे सारे जमवून प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे असते. ज्यांचा कर पगारातून आधीच कापला गेला आहे, त्यांनाही हा सोपस्कार चुकत नाही. एवढा खटाटोप आपल्या वाट्याला कोणामुळे आला, असा प्रश्न त्या धावपळीत कोणाला ना कोणाला पडतोच. भारतापुरते उत्तर शोधायचे तर आपण १८६० सालच्या कलकत्त्यात आणि जेम्स विल्सन या स्कॉटिश गृहस्थापाशी येऊन पोहोचतो. करव्यवस्था सुटसुटीत असावी यासाठी आयुष्यभर झगडलेल्या या माणसाच्या हातून येथे जो कायदा झाला, तो मात्र सुटसुटीत नव्हता. तसे का झाले, हे त्याच्या चरित्रातून उलगडते आणि आजच्या करदात्यालाही ते उपयोगी पडावे असे आहे.

विल्सन यांचा जन्म ३ जून १८०५ रोजी स्कॉटलंडमधील हॉईक या गावी झाला. वडील लोकरीच्या कापडाचे सधन कारखानदार होते. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे साधी राहणी आणि चोख व्यवहार यांना मानणारे. एकूण पंधरा भावंडांत जेम्स चौथे. शिक्षक व्हावे म्हणून त्यांना शिकायला पाठवण्यात आले, परंतु तो पेशा त्यांना मानवला नाही. सोळाव्या वर्षी ते टोप्या तयार करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे उमेदवारीला लागले. पुढे वडिलांनी तोच धंदा त्यांना आणि त्यांच्या एका भावाला विकत घेऊन दिला. १८२४ मध्ये दोघे भाऊ लंडनला आले आणि तेथे त्यांचा जम बसला. १८३७ च्या सुमारास विल्सन यांची मालमत्ता २५ हजार पौंडांच्या घरात गेली होती.

याच सुमारास त्यांनी निळीच्या सट्ट्यात पैसा घातला. हिंदुस्थानच्या मातीत पिकणाऱ्या निळीचे भाव चढतील हा त्यांचा अंदाज साफ चुकला आणि १८३७ च्या मंदीत बहुतेक सारी कमाई वाहून गेली. दिवाळखोरी जाहीर करण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी मालमत्ता विकून धनकोंशी तडजोड केली. धनकोंना दिलेल्या एका मालमत्तेची अपेक्षेइतकी किंमत आली नाही हे पुढे कळल्यावर, कायद्याचे कोणतेही बंधन नसताना, उरलेली रक्कमही त्यांनी चुकती केली. हिशेबाच्या बाबतीत हा माणूस किती काटेकोर होता, हे एवढ्यावरून ध्यानी येते.

धंद्यात पोळलेल्या विल्सन यांनी मग अर्थशास्त्राकडे मोर्चा वळवला. त्या काळी ब्रिटनमध्ये आयात धान्यावर जबर जकात होती. जमीनदारांचे हित जपणाऱ्या या धान्य कायद्यांविरुद्ध त्यांनी १८३९ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि ते एकदम प्रकाशात आले. १८४३ मध्ये मुक्त व्यापाराचा पुरस्कार करण्यासाठी त्यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढले. सुरुवातीच्या काळात त्यातील बराचसा मजकूर ते स्वतःच लिहीत. हे साप्ताहिक आजही जगभर वाचले जाते. व्यापाराच्या वाटेतील अडथळे दूर करावेत आणि गुंतागुंतीची बंधने काढून टाकावीत, हे त्यांच्या लेखनाचे सूत्र होते. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द झाले आणि पुढच्याच वर्षी विल्सन संसदेवर निवडून गेले.

हिंदुस्थानशी त्यांचा संबंध येथून वाढत गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे ते १८४८ ते १८५२ या काळात सचिव होते. पुढे काही वर्षे ब्रिटिश अर्थखात्याचे वित्त सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. १८५३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने चार्टर्ड बँक स्थापन झाली आणि १८५८ मध्ये तिने मुंबई व कलकत्ता येथे आपल्या शाखा उघडल्या. आजच्या स्टँडर्ड चार्टर्ड बँकेची ही एक मूळ शाखा.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. तीन वर्षांची तूट सुमारे तीन कोटी पौंडांवर गेली होती आणि कर्जात सुमारे ३ कोटी ८० लाख पौंडांची भर पडली होती. जमीनमहसूल, मीठ आणि अफू या ठरलेल्या उत्पन्नावर हा भार पेलणे शक्य नव्हते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखाते सांभाळण्यासाठी जाणकार माणूस पाठवावा असे लंडनमध्ये ठरले आणि निवड विल्सन यांची झाली. इंग्लंडमधील मानाचे पद सोडून ते २९ नोव्हेंबर १८५९ रोजी कलकत्त्याला उतरले. वय चोपन्न, सोबत कुटुंब, आणि पुढ्यात दिवाळखोरीच्या काठावर उभे असलेले सरकार.

आल्याबरोबर त्यांनी उत्तर हिंदुस्थानचा दौरा केला. परतल्यावर फेब्रुवारी १८६० मध्ये त्यांनी कौन्सिलपुढे अर्थसंकल्प मांडला. हिंदुस्थानातील हा पहिला रीतसर अर्थसंकल्प मानला जातो. त्यात प्राप्तिकर, व्यवसाय परवाना कर आणि तंबाखूवरील कर असे तीन नवे कर सुचवले होते. शेतकरी शतकानुशतके सारा भरत आला आहे; मग व्यापारी, सावकार, वकील आणि सरकारी अधिकारी यांनीच काय म्हणून मोकळे राहावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. नवा कर परका वाटू नये म्हणून त्यांनी मनुस्मृतीतील करविषयक वचनांचाही आधार घेतला.

विरोधाचा पहिला आवाज सरकारच्या आतूनच उठला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना हा कर देशाच्या प्रकृतीला मानवणारा वाटत नव्हता. खर्चाला कात्री लावावी, नवे कर नकोत, असे त्यांचे म्हणणे होते. आपला प्रतिकूल अभिप्राय त्यांनी थेट वृत्तपत्रांच्या हवाली केला. शिस्तभंगाचा ठपका येऊन त्यांना माघारी बोलावण्यात आले आणि विल्सन यांची वाट मोकळी झाली. २४ जुलै १८६० रोजी गव्हर्नर जनरलच्या संमतीने प्राप्तिकराचा कायदा झाला. हाच दिवस आता देशात प्राप्तिकर दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याचे स्वरूप पाहिले, की आजच्या गुंतागुंतीची मुळे तेथेच दिसू लागतात. केवळ पाच वर्षांसाठी केलेल्या या कायद्यात २१ भाग आणि तब्बल २५९ कलमे होती. त्याचा साचा इंग्लंडमधील कायद्यावरून घेतलेला होता. उत्पन्नाची विभागणी चार परिशिष्टांत केली होती : जमीनजुमला, व्यापार व व्यवसाय, रोखे व लाभांश, आणि पगार व निवृत्तिवेतन. प्रत्येक प्रकाराच्या मोजणीची रीत वेगळी. शिवाय लष्करातील ठरावीक पगारापर्यंतचे अधिकारी, लहान कुळे अशांना सवलती. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्याला शेकडा २ रुपये आणि त्यावरच्यांना शेकडा ४ रुपये कर होता. या चारांपैकी १ रुपया स्थानिक लोकोपयोगी कामांसाठी राखलेला. म्हणजे ४९० रुपयांची प्राप्ती असणाऱ्याला दहाएक रुपये भरावे लागत, तर ५१० रुपये मिळवणाऱ्याला वीसहून अधिक. सीमारेषेच्या जरा अलीकडे राहण्याचा मोह व्हावा, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली होती.

पगारदार आणि रोखेधारक यांच्याकडून हा कर मिळवणे तुलनेने सोपे होते. कारण सरकारच त्यांना पैसे देत होते आणि देतानाच कर कापून घेता येत होता. खरी अडचण होती ती दुकानदार, अडते, कारागीर यांची. त्यांनी स्वतःच आपल्या प्राप्तीचे विवरणपत्र भरून द्यायचे होते. पेढीचे वर्ष दिवाळी ते दिवाळी, सरकारचे वर्ष वेगळे. वह्या मोडीत किंवा महाजनी लिपीत, आणि नमुना मात्र इंग्रजी कायद्याच्या कल्पनांनी भरलेला. वर्षाकाठी चार रुपये कर भरणाऱ्या लहान दुकानदाराला त्या चार रुपयांपेक्षा नोटिशीचा, चौकशीचा आणि हाताखालच्या कारकुनांच्या मेहेरबानीचा जाच अधिक होता. घरातील मिळकत परक्यापुढे उघडी करण्याची लाज आणि धास्ती होती ती वेगळीच.

आपल्या कायद्याचे हे रूप पाहायला विल्सन मात्र उरले नाहीत. पावसाळ्यात कलकत्ता सोडून हवापालट करावा, हा सल्ला त्यांनी मानला नव्हता. कागदी चलनाची योजना आणि हिशेब तपासणीची नवी पद्धत ही कामे त्यांना हातावेगळी करायची होती. आमांशाने त्यांना गाठले आणि ११ ऑगस्ट १८६० रोजी त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानात येऊन त्यांना नऊ महिनेही झाले नव्हते आणि प्राप्तिकराचा कायदा होऊन तीन आठवडेही लोटले नव्हते. त्यांच्या नोटांच्या योजनेला १८६१ मध्ये बदललेल्या रूपात कायद्याचे स्वरूप मिळाले.

प्राप्तिकराचे पुढे काय झाले, ते बोलके आहे. १८६० च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातील वसई येथे या कराविरुद्ध दंगा उसळला. विवरणपत्रे मागवणे आणि तपासणे हे काम इतके जिकिरीचे ठरले, की दुसऱ्याच वर्षी नवी विवरणपत्रे न घेता आधीच्याच आकारणीवर कर वसूल करण्याची मुभा सरकारला घ्यावी लागली. १८६२ मध्ये करपात्र प्राप्तीची मर्यादा २०० वरून ५०० रुपयांवर नेण्यात आली. कारण तळच्या थरातून उत्पन्न थोडे आणि मनस्ताप फार, असा हिशेब निघाला होता. विशेष असे, की त्याच वर्षाच्या अखेरीस अर्थखात्याची सूत्रे ज्यांच्याकडे आली, ते होते चार्ल्स ट्रेव्हेलियन. ज्या करापायी त्यांची गव्हर्नरी गेली होती, त्याची मुदत १८६५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत संपली आणि तो वाढवला गेला नाही. पुढे निरनिराळ्या नावांनी हा कर येत-जात राहिला आणि शेतीचे उत्पन्न वगळणाऱ्या १८८६ च्या कायद्याने तो कायमचा स्थिरावला.

विल्सन यांचा हेतू चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. मिळकत असणाऱ्याने ऐपतीप्रमाणे भार उचलावा, हे तत्त्व आजही मान्य आहे. चूक झाली ती हिशेबाचे ओझे कोणावर टाकायचे हे ठरवताना. जी माहिती सरकारला मुळात मिळू शकत होती तेथे कर सोपा झाला, आणि जेथे ती सामान्य माणसाकडून कलमांच्या भाषेत वदवून घ्यायची होती तेथे तो किचकट झाला. त्यात प्रत्येक वर्गासाठी निराळी रीत आणि प्रत्येक तक्रारीवर निराळी सवलत, अशी भर पडत गेली.

आजचे चित्र त्या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. १९६१ च्या कायद्यातील कलमांची संख्या दुरुस्त्यांमुळे ८१९ पर्यंत गेली होती. त्याची जागा घेण्यासाठी २०२५ मध्ये संमत झालेला आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेला नवा कायदा ५३६ कलमांचा आहे. त्यात ‘आधीचे वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा घोळ मिटवून एकच ‘करवर्ष’ ठेवले आहे. मात्र उत्पन्नाचे वेगवेगळे प्रकार आणि त्यांची वेगळी मोजणी कायम आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीने शून्यावर आणला. तरीही मूळ सूटमर्यादा असलेल्या ४ लाखांपुढे विवरणपत्र भरणे भागच राहिले आणि भांडवली नफ्यासारख्या उत्पन्नाला ती सवलत लागू झाली नाही. कर नाही पण कागद आहे, अशी ही अवस्था.

सुधारणेची वाटही त्याच इतिहासात आहे. विल्सन यांच्या मायदेशात १९४४ पासून पगारातूनच कर नेमका कापण्याची पद्धत आहे आणि तेथील बहुसंख्य नोकरदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. आपल्याकडेही मालक, बँका, म्युच्युअल फंड यांच्याकडून माहिती खात्याकडे येते. नोव्हेंबर २०२१ पासून ती वार्षिक माहितीपत्रकात करदात्याला दिसू लागली आणि विवरणपत्रेही बरीचशी आधीच भरलेली मिळू लागली. पुढचे पाऊल एवढेच, की ज्याचे उत्पन्न केवळ पगार आणि व्याज एवढेच आहे, त्याच्यापुढे खात्यानेच तयार हिशेब ठेवावा. पटला तर त्याने होकार द्यावा, न पटला तरच दुरुस्ती करावी.

कलकत्त्यातील मलिक बाजारच्या दफनभूमीत विल्सन यांची कबर वर्षानुवर्षे झाडाझुडपांत हरवून गेली होती. २००७ मध्ये प्राप्तिकर खात्यातीलच एका अधिकाऱ्याने ती शोधून काढली आणि तिची डागडुजी करण्यात आली. खात्याने आपल्या आद्य पुरुषाचे स्मरण ठेवले, हे योग्यच झाले. त्यांच्या पहिल्या कायद्याने पाच वर्षांत जो धडा दिला, तोही स्मरणात राहिला तर दर जुलैमधील ही धावपळ पुष्कळ हलकी होईल.