‘बिग ब्रदर’ लिहिणाऱ्या ऑर्वेल यांच्यावरही होती पाळत!

मोबाइलवर बूट शोधले की दिवसभर बुटांच्याच जाहिराती दिसतात आणि कुणीतरी हमखास ‘बिग ब्रदर’चं नाव काढतं. ‘१९८४’ या कादंबरीतला, सगळ्यांवर नजर ठेवणारा हा हुकूमशहा जॉर्ज ऑर्वेल यांचा. खरं नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३, बिहारमधील मोतिहारी. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात.

कादंबरीतली पाळत निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. १९२२पासून पाच वर्षं ऑर्वेल ब्रह्मदेशात इम्पिरियल पोलिसात होते, म्हणजे नजर ठेवणाऱ्यांच्या बाजूला. नोकरी सोडून लेखक झाले, तर ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांचीच फाइल उघडली. १९३७मध्ये स्पेनच्या यादवीत गळ्यातून गोळी आरपार गेली. त्यानंतर बार्सिलोनात पोलिसांनी पत्नीच्या हॉटेलमधल्या खोलीची झडती घेऊन त्यांच्या डायऱ्या नेल्या. पुढे १९४१ ते ४३ बीबीसीवरून भारतासाठी प्रचार केला, तोही सेन्सॉरच्या देखरेखीखाली.

क्षयाने खंगत असताना स्कॉटलंडच्या जुरा बेटावर त्यांनी ‘१९८४’ पूर्ण केली. त्यातला टेलिस्क्रीन सरकार भिंतीवर लावतं. आपण मात्र फोन स्वतः हप्त्यावर घेतो आणि न वाचताच ‘अलाऊ’ दाबतो. हे ऑर्वेल यांनाही सुचलं नव्हतं.

जून १९४९मध्ये पुस्तक आलं. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी स्वतःच कम्युनिस्टांकडे झुकलेल्या ३८ जणांची यादी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला दिली होती. चाहत्यांना हे आजही पचत नाही. २१ जानेवारी १९५०ला, ४६व्या वर्षी ते गेले. ती यादी २००३मध्ये उघड झाली, त्यांच्यावरची फाइल २००७मध्ये.