संत कोलंबा

आयर्लंडच्या वायव्येस डोनेगॉल म्हणून परगणा आहे. त्यांतील गार्टन या ठिकाणीं इ. स. ५२१ च्या सुमारास एका राजकुळांत एक मुलगा जन्मास आला. संत कोलंबा म्हणून पुढें जगानें ज्यास ओळखलें तो हाच. मागाहून प्रचारांत आलेल्या आयरिश परंपरेप्रमाणें त्याचें मूळचें नांव क्रिमथन होतें. आणि क्रिमथन म्हणजे कोल्हा!

हें ऐकून वाचकांस हंसूं येईल. परंतु प्राचीन केल्ट लोकांत अशीं नांवें भूषणाचीं होतीं. त्यांच्या भाषेंत 'कुनो' म्हणजे कुत्रा. आपल्या संस्कृतांतील 'श्वन्' शब्दाचा हा सख्खा भाऊच. 'आर्टोस' म्हणजे अस्वल, तो संस्कृतांतील 'ऋक्ष'. आणि 'एपो' म्हणजे घोडा, तोच 'अश्व'. हे शब्द त्यांच्या वीरांच्या व राजांच्या नांवांत पदोपदीं आढळतात. इंग्लंडांतील रॉक्सेटर या जुन्या रोमन नगरीच्या जागीं १९६७ सालीं एक शिळा सांपडली. तिच्यावर कुनोरिक्स हें नांव कोरलेलें आहे. 'रिक्स' म्हणजे राजा, तेव्हां संस्कृतांत त्यास 'श्वराज' म्हणावें लागेल. आपल्याकडे कुत्रा म्हटलें कीं शिवी होते. तेथें माग न सोडणाऱ्या शूरास याहून चांगली उपमा नव्हती. कोलंबाचा पणजा कॉनल याच्या नांवांतही हाच शिकारी कुत्रा आहे, आणि सर्व कूळ त्या कॉनलच्याच नांवानें ओळखलें जाई.

अशा कुळांतील मुलानें पारव्याचें नांव घ्यावें ही साधी गोष्ट नव्हे. 'कोलंबा' हा लॅटिन शब्द. आयरिश लोकांनीं त्याचा 'कोलम' केला. हा त्यांचा स्वतःचा शब्द नव्हे, तो ख्रिस्ती धर्माबरोबर समुद्रापलीकडून आला. लोक त्यास 'कोलम किल्ले', म्हणजे ख्रिस्तमंदिराचा पारवा, असें म्हणत. त्याचा चरित्रकार आडम्नान यानें इ. स. ७०० च्या सुमारास लिहितांना दाखविलें आहे कीं, योना संदेष्ट्याच्या हिब्रू नांवाचाही हाच अर्थ होतो.

परंतु नांव पालटलें तरी रक्त तेंच होतें. ५६१ सालीं कूल ड्रेव्हने येथें त्याच्या आप्तांनीं राजा डिअरमिड याच्याशीं घोर युद्ध केलें. पुढील काळची कथा अशी कीं, कोलंबानें आपल्या गुरूच्या स्तोत्रग्रंथाची गुप्तपणें नक्कल केली. वासरूं जसें गाईच्या धन्याचें तशी नक्कल ग्रंथाच्या धन्याची, असा राजानें निवाडा दिला, आणि त्या रागांतून लढाई पेटली. आडम्नान ही कथा सांगत नाहीं. एका धर्मसभेनें त्यास क्षुल्लक कारणावरून अन्यायानें बहिष्कृत केलें होतें, एवढेंच तो लिहितो. आम्हांस वाटतें कीं, या मोजक्या शब्दांआड बरेंच दुःख दडलें असावें.

५६३ सालीं बारा सोबत्यांसह कोलंबानें मायभूमि सोडली व स्कॉटलंडच्या पश्चिमेस आयोना या चिमुकल्या बेटावर मठ बांधला. तेथून तो पिक्ट लोकांच्या ब्रिडी राजाकडे गेला. त्या राजाचा बाप मेलकोन. याही नांवांत कुत्रा दडलेला दिसतो! आयोनाच्या मठांत शेती, प्रार्थना व ग्रंथलेखन अखंड चाले.

आडम्नान एका क्रौंच पक्ष्याची हकीकत देतो. तिसऱ्या दिवशीं आयर्लंडाहून एक थकलेला क्रौंच किनाऱ्यावर येऊन पडेल, त्यास उचलून जवळच्या घरीं न्यावें व तीन दिवस खाऊं घालावें, अशी कोलंबानें एका बंधूस आज्ञा केली. कारण तो पक्षी आपल्या मायदेशचा होता. तीन दिवसांनीं पक्षी सशक्त होऊन आयर्लंडाकडे उडून गेला. कोलंबा मात्र आयोनासच राहिला.

५९७ सालच्या जून महिन्यांत, मरणाच्या आदल्या दिवशीं, वृद्ध कोलंबा वाटेच्या कडेला विसावला होता. मठांत दुधाचीं भांडीं वाहणारा पांढरा घोडा त्याच्याजवळ आला, त्याच्या उराशीं डोकें टेकून रडूं लागला. सेवक त्यास हांकूं लागतांच कोलंबानें मना केलें. मग तो कोठडींत जाऊन स्तोत्रसंहितेची प्रत लिहीत बसला. चौतिसाव्या स्तोत्रांत एका पानाच्या अखेरीस त्यानें लेखणी ठेवली, व पुढचें बैथीननें लिहावें असें सांगितलें. मध्यरात्रीं घंटा होतांच तो सर्वांच्या आधीं मंदिरांत गेला. दिवे घेऊन बंधु आले, तेव्हां तो वेदीपुढें पडलेला होता. त्यानें हात किंचित् उचलून त्यांस आशीर्वाद दिला व प्राण सोडला. पुढच्या ओळी बैथीननें लिहिल्या.