शंभर यार्डांचा विक्रम करणारा गडी गोलकीपर झाला, सात क्लब फिरला आणि शेवटी कोळशाच्या खाणीत राबला

फुटबॉलमध्ये गोलकीपरचं काम कसं असतं? नव्वद मिनिटं एका जागी उभं राहायचं, नऊ बॉल अडवले तरी कुणी विचारत नाही आणि दहावा सुटला की सगळं गाव शिव्या घालतं. त्यात एखादा कीपर आज या क्लबात, उद्या त्या क्लबात असा फिरतीवरचा असेल तर त्याचं नाव लक्षात राहायचा विषयच येत नाही.

आर्थर व्हार्टन हा असाच फिरतीवरचा गोलकीपर. पण आज त्याची ओळख जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू अशी आहे, आणि मेल्यानंतर ६७ वर्षं त्याच्या कबरीवर साधी नावाची पाटीसुद्धा नव्हती.

आर्थरचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ चा. गाव अक्रामधलं जेम्सटाउन. आज तिथे घाना देश आहे, तेव्हा तो भाग ब्रिटिशांच्या ताब्यातला गोल्ड कोस्ट होता. वडील हेन्री व्हार्टन मूळचे कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचे, मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. आई फांटी राजघराण्याशी नातं असलेली. म्हणजे घर काही गरिबाचं नव्हतं. पोरानंही वडिलांसारखं धर्मप्रचारक व्हावं, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यासाठीच १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला इंग्लंडला धाडण्यात आलं. तिथे डार्लिंग्टनच्या क्लीव्हलँड कॉलेजात त्याचं शिक्षण सुरू झालं.

पण आर्थरचं लक्ष पुस्तकात कमी आणि मैदानात जास्त. धावणं, सायकल, क्रिकेट, फुटबॉल, सगळीकडे हा पुढे.

जुलै १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर हौशी ॲथलीट्सची राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथे आर्थरनं १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, बरोबर १० सेकंदांत पार केले. या अंतराचा पहिला अधिकृत जागतिक विक्रम म्हणून तो ओळखला जातो. पुढच्या वर्षी त्यानं स्पर्धा पुन्हा जिंकली. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसांपैकी एक असलेला हा गडी फुटबॉलमध्ये मात्र गोलपोस्टमध्ये उभा राहायचा. आता याला काय म्हणावं.

आता तेव्हाची गोलकीपिंग म्हणजे काय चीज होती, हे समजून घ्यायला पाहिजे. १९१२ पर्यंत गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही हातानं बॉल खेळवता यायचा. त्याची जर्सी वेगळ्या रंगाची नसायची. हातमोजे वगैरे लाड नव्हते. आणि समोरचे फॉरवर्ड खांद्यानं धडक मारून कीपरला बॉलसकट गोलमध्ये ढकलू शकायचे, तेही नियमात बसवून. त्यामुळे कीपर चपळ आणि थोडा आडदांड असावा लागायचा.

आर्थर दोन्ही होता. तो पोस्टच्या कडेला दबा धरून बसायचा आणि शेवटच्या क्षणी झेपावायचा. बॉलला ठोसा असा हाणायचा की तो लांबच्या लांब जायचा. त्याचा एक किस्सा तर एका प्रेक्षकानं कित्येक वर्षांनी वर्तमानपत्राला कळवला होता. आर्थरनं म्हणे उडी मारून वरचा बार पकडला, बॉल दोन्ही पायांत धरला आणि अंगावर धावून आलेले तीन फॉरवर्ड थेट जाळ्यात जाऊन पडले. यात तिखटमीठ किती आहे ते सोडा, पण लोकांच्या डोक्यात तो कसा बसला होता ते यावरून कळतं.

डार्लिंग्टनकडून खेळताना तो प्रेस्टन नॉर्थ एंड या बलाढ्य क्लबच्या नजरेत भरला. १८८७ मध्ये प्रेस्टन एफए कपच्या सेमीफायनलला पोहोचलं तेव्हा गोलमध्ये आर्थर होता. वेस्ट ब्रॉमविच अल्बियननं ती मॅच ३-१ नं जिंकली. त्याच्या खेळावर टीका करताना काही पत्रकार त्याच्या रंगावर आणि अकलेवर घसरायचे, आणि ते बिनदिक्कत छापूनही यायचं.

खरी मेख पुढे आहे. १८८८ मध्ये आर्थरनं प्रेस्टन सोडलं आणि पैशासाठी धावायच्या शर्यतींकडे वळला. त्याच वर्षी इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात प्रेस्टननं लीगच्या २२ पैकी एकही मॅच हरली नाही आणि वर एकही गोल न खाता एफए कपही जिंकला. त्या टीमचं नाव आजही घेतलं जातं. आर्थर अजून एक वर्ष थांबला असता तर, असं वाटून जातं. पण पोटाचं गणित वेगळं असतं.

१८८९ मध्ये त्यानं रॉदरहॅम टाउनशी करार केला आणि तो रीतसर पगारी खेळाडू झाला. फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळायला मान्यता मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. सुशिक्षित, वरच्या घरातल्या लोकांना हे काम हलकं वाटायचं. धर्मोपदेशकाचा पोरगा पगारावर गोल अडवतोय आणि जोडीला पब चालवतोय, हे त्या काळात किती खालचं समजलं गेलं असेल याचा विचार करा.

१८९४ मध्ये शेफिल्ड युनायटेडनं त्याला घेतलं. पण नशीब बघा, त्याच वर्षी क्लबनं विल्यम फोक नावाचा तरुण कीपरही आणला. सहा फुटांच्या वर उंच, पुढे वजनानं सव्वाशे किलोच्याही पलीकडे गेलेला हा धिप्पाड गडी इंग्लंडचा नामांकित कीपर झाला. आर्थरच्या वाट्याला मोजक्याच मॅच आल्या. त्यातली १८९५ मधली सुंदरलँडविरुद्धची मॅच महत्त्वाची, कारण पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू अशी त्याची नोंद तिथे झाली.

मग पुन्हा रॉदरहॅम, स्टेलीब्रिज रोव्हर्स, ॲश्टन नॉर्थ एंड. ॲश्टनचा क्लब १८९९ मध्ये दिवाळ्यात निघाला, की परत स्टेलीब्रिज. शेवटी दुसऱ्या डिव्हिजनमधलं स्टॉकपोर्ट काउंटी. १९०२ मध्ये त्यानं खेळ थांबवला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

खेळ सुटला आणि हातात काहीच उरलं नाही. पेन्शन नव्हती, दारू मात्र पाठीशी लागली होती. राजघराण्याशी नातं सांगणारा हा माणूस डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टनमध्ये यॉर्कशायर मेन कोळसा खाणीत माल ओढायच्या कामाला लागला. डिसेंबर १९३० मध्ये तो वारला. पुरायला पैसे नव्हते, म्हणून एडलिंग्टनच्या दफनभूमीत गरिबांसाठीच्या जागेत त्याला पुरलं. वर दगड नाही, नाव नाही.

१९९० च्या दशकात फिल वसिली या इतिहासकारानं त्याची माहिती खणून काढली. शेफिल्डमधल्या वर्णद्वेषविरोधी फुटबॉल मोहिमेनं पैसे गोळा केले आणि १९९७ मध्ये कबरीवर दगड बसवला. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली. २०१४ मध्ये इंग्लंडची राष्ट्रीय टीम जिथे सराव करते, त्या सेंट जॉर्जेस पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यातला आर्थर हवेत झेपावलेला आहे, आणि बॉल त्याच्या बोटांना लागून बारवरून बाहेर चाललाय.